काळा कोट, पांढरा अ‍ॅप्रन

गुरुवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी फार्मासिस्ट आपल्या सासूबाईंच्या गुडघ्यासमोर उकिडवे बसले होते आणि डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यातून त्या गुडघ्याकडे अत्यंत गांभीर्याने पाहत होते.

"आई, हलू नका."

"मी कुठे हलतेय? तुम्हीच डुलताय," सासूबाई म्हणाल्या. "आणि माझा चेहरा वर आहे, जावईबापू."

"चेहऱ्याचं नंतर बघू. आधी शाल."

शाल राखाडी होती आणि लोकरीची होती. अंगणात ऊन मी म्हणत होतं. तरीही सासूबाई ती मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, कारण त्यांना फोटो हवा होता. दोन्ही मुलगे एकाच चौकटीत असलेला फोटो. गेल्या सहा वर्षांत हे दोन मुलगे एका खोलीतसुद्धा आले नव्हते.

थोरले वकील होते आणि धाकटे बेकरीवाले. सहा वर्षांपूर्वी बेकरी उघडली त्या दिवशी धाकट्यांनी थोरल्यांना पहिलं बिस्किट दिलं आणि "खरं सांग, कसं झालंय?" असं विचारलं. वकिलांनी आयुष्यात एकदाच पदरचं काही न घालता खरं सांगितलं. "ओलं आहे," ते म्हणाले. तेव्हापासून बोलणं बंद.

आता सासूबाईंनी हट्टच धरला होता. वकिलांनी आईला तीन महिन्यांत चार तारखा दिल्या आणि पाचव्या तारखेला होकार दिला, तोही कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीपुरता. दोन वाजता त्यांना पुन्हा उभं राहायचं होतं. बेकरीवाल्यांची दुसरी भट्टी दोनलाच लागायची. त्यामुळे एक जण काळ्या कोटात आला होता, दुसरा पांढऱ्या अ‍ॅप्रनमध्ये, आणि पायरीवर आईच्या मागे दोघे असे उभे होते की मधल्या जागेत एखादं कपाट आरामात मावलं असतं.

फोनवर फोटो काढायला सासूबाईंचा ठाम नकार होता. "फोनमधला फोटो फोनमध्येच म्हातारा होतो," असं त्यांचं मत होतं. कॅमेरा सासऱ्यांचा, जुना, रोल घालायचा, सगळं हाताने फिरवायचं. सासरे गेल्यावर तो कपाटात पडून होता. "तुम्ही औषधं मोजता, उजेडही मोजाल," असं म्हणून सासूबाईंनी तो जावयाच्या हाती दिला.

फार्मासिस्टांनी जबाबदारी मनावर घेतली. पहिला रोल अख्खा काळा आला. दुसरा दुधासारखा. मग ते स्टुडिओवाल्या काकांना शरण गेले. भिंगातलं भोक किती उघडायचं ते अ‍ॅपर्चर आणि किती वेळ उघडायचं ते शटर, हे काकांनी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे किती गोळ्या आणि किती दिवस," ते म्हणाले. काकांनी डोळे मिटून मान हलवली आणि पुढचं सांगितलं. "कॅमेऱ्यातल्या मीटरला काळं-पांढरं कळत नाही. त्याला अख्खं जग राखाडी वाटतं. कोळसा दाखवलात तर म्हणेल, अंधार आहे, उजेड वाढवा. कापूस दाखवलात तर म्हणेल, फार झालं, कमी करा. म्हणून एखादी राखाडी वस्तू धरायची, तिच्यावरून मोजायचं, आणि नंतर कुणाचंही ऐकायचं नाही."

तिसऱ्या रोलवर फार्मासिस्टांनी बादली, उशी, छत्री आणि शेजाऱ्यांचं मांजर यांचे मिळून पस्तीस फोटो काढले आणि प्रत्येकाची वहीत नोंद केली. धोरण एकच: एका वेळी एकच औषध बदलायचं. अ‍ॅपर्चर सोळावर कायम, बदलायचं ते फक्त शटर. आता रोलमध्ये एक फोटो उरला होता, स्टुडिओवाले काका सोमवारपर्यंत बाहेरगावी होते आणि दुसरीकडे कुठे रोल मिळत नव्हता. पण फार्मासिस्टांना चिंता नव्हती. डोस ठरलेला होता.

कॅमेऱ्यातली मीटरची सुई शालीवर मधोमध आली. शटर एकशेपंचवीस, म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. फार्मासिस्ट मागे सरकले, तिघांना चौकटीत घेतलं आणि बटणावर बोट ठेवलं.

"एक मिनिट," वकील म्हणाले. "भावोजी, तुम्ही आत्ता काय मोजलंत?"

"उजेड."

"कुणावरचा?"

"आईंच्या शालीवरचा."

"म्हणजे फोटो माझा, आणि पुरावा आईच्या गुडघ्याचा? माझा कोट तपासल्याशिवाय माझ्याविषयी निर्णय कसा काय होतो?"

काकांचं शेवटचं वाक्य फार्मासिस्टांना आठवायला हवं होतं. पण थोरले मेहुणे हे थोरले मेहुणे असतात. त्यांनी जवळ जाऊन कोटावर कॅमेरा धरला. कोट काळाकुट्ट. सुई रडकुंडीला येऊन खाली पडली आणि शटर तीसवर आणलं तेव्हा कुठे मधोमध आली.

"तीस," फार्मासिस्टांनी जाहीर केलं. "म्हणजे उजेड चौपट द्यायचा."

"मग द्या. अडवलंय कुणी?"

"भावोजी," पलीकडून बेकरीवाले शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेबांना विचारा, चौपट उजेडात माझं काय होणार?"

फार्मासिस्टांनी अ‍ॅप्रनवर कॅमेरा धरला. सुई उसळून वर गेली. पाचशेला खाली आली.

"भाऊ, तुम्ही नुसते पांढरे दिसाल. अ‍ॅप्रन कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळणार नाही."

"म्हणजे सहा वर्षांनी आईने एक फोटो मागितला, तर त्यात मी भिंत. फोटो पाचशेवरच घ्या."

"बेकरीवाल्यांना सांगा," वकील म्हणाले, "की पाचशेवर माझा कोट म्हणजे भोक दिसेल. वर नुसतं मुंडकं."

"त्यांना सांगा, मुंडकं दिसलं तरी पुरे. बोलायला तेवढंच लागतं."

"त्यांना सांगा, खरं बोलणाऱ्याला..."

"मला काहीही सांगायला लावू नका," फार्मासिस्ट म्हणाले. त्यांचा घाम कॅमेऱ्यावर टपकत होता. "शटरच्या चकतीवर तीस आणि पाचशेच्या बरोब्बर मध्ये एकशेपंचवीसच येतं. शालीने सांगितलं तेच."

"म्हणजे दोघांवर थोडाथोडा अन्याय," वकील म्हणाले.

"याला समेट म्हणतात, दादा."

"माझ्या अनुभवात दोन्ही एकच."

एवढ्यात फार्मासिस्टांची बायको, म्हणजे या दोघांची धाकटी बहीण, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सगळं ऐकून ती म्हणाली, "अरे, मग कोट काढ ना, दादा. आणि भाऊ, तू अ‍ॅप्रन काढ. साध्या कपड्यांत उभे राहा. यात एवढं मोजायचं काय?"

इतकी सोपी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती याची प्रत्येकाला आपापल्या परीने लाज वाटली. वकिलांनी कोट काढला. बेकरीवाल्यांनी अ‍ॅप्रन काढला.

कोटाखाली वकिलांचा शुभ्र पांढरा शर्ट होता. अ‍ॅप्रनखाली बेकरीवाल्यांचा काळा टी-शर्ट होता.

फार्मासिस्टांनी दोन्ही मोजलं. "पाचशे आणि तीस," ते खोल आवाजात म्हणाले. "फरक तेवढाच. फक्त भाऊ बदलले."

"माझं ऐका, फोन आणू का?" बायकोने विचारलं.

"आण," सासूबाई म्हणाल्या, "आणि तुझ्याच घरी लाव. मला हा हवाय. आणि शालीखाली मी शिजत आलेय, एवढं ध्यानात असू दे."

दोन वाजायला वीस मिनिटं होती. फार्मासिस्टांनी आता मन घट्ट केलं. कोट घाला, अ‍ॅप्रन घाला, एकशेपंचवीसवर घेतो, ज्याला काळं व्हायचं त्याने काळं व्हावं, असं त्यांनी निक्षून सांगितलं. असं निक्षून ते लग्नानंतर प्रथमच बोलले होते. आणि नेमका त्याच वेळी सूर्यासमोर एक ढग येऊन उभा राहिला, रेशनच्या रांगेत उभं राहावं तसा, हलायचं काही नाव नाही.

शाल पुन्हा मोजली. तीस.

"अहो, ते भोक मोठं करा ना मग," बायको म्हणाली. "शटर कशाला कमी करताय?"

"एका वेळी एकच औषध बदलायचं," फार्मासिस्ट म्हणाले. "तीसच राहील. फक्त कुणी हलायचं नाही. अगदी दगड. हललात तर पुसट याल."

"मी दगडच आहे," वकील म्हणाले आणि कोटाची बटणं लावू लागले.

शेजारी बेकरीवाले अ‍ॅप्रन घालत होते. सहा वर्षांच्या सवयीप्रमाणे त्यांनी घालण्याआधी तो दोन्ही हातांनी धरून जोरात झटकला. सकाळच्या तीनशे पावांचं पीठ त्यात होतं. पांढरा लोट उठला, क्षणभर विचार करत थांबला, आणि सगळाच्या सगळा वकिलांच्या कोटावर बसला.

वकिलांनी खाली पाहिलं. मग मान वळवली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा थेट भावाकडे बघून बोलले.

"मुद्दाम केलंस."

"मुद्दाम करायचं असतं तर पोतं आणलं असतं," बेकरीवालेही थेट बोलले.

तांब्या हातात तसाच धरून बहीण थिजली. सासूबाई मागे वळून बघणार होत्या, पण "दगड, आई, दगड," असं जावयाने म्हटल्यावर समोर बघत राहिल्या. फक्त कान मागे होते.

"मला पंधरा मिनिटांत न्यायाधीशांपुढे उभं राहायचंय. असा जाऊ?"

"थांब रे दादा, पुसतो." बेकरीवाल्यांनी अ‍ॅप्रन गळ्यात अडकवला, खिशातून फडकं काढलं आणि मायेने कोटावर फिरवलं. ते फडकं भट्टी पुसायचं होतं. पिठात काजळी मिसळली.

"हे काय आहे?"

"फडकं आहे."

"फडकं नाही, गुन्हा आहे हा. दे इकडे." वकिलांनी फडकं हिसकलं आणि धाकट्याच्या अ‍ॅप्रनवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे, अत्यंत निःपक्षपातीपणे फिरवलं.

"दादा, गुदगुल्या होतात."

"होऊ देत. लहानपणी तुला पाटीसारखा पुसायचो मी."

"तेव्हा मी तुला चावायचो."

"अजून खूण आहे."

फार्मासिस्ट कॅमेऱ्याला डोळा लावून होते. दोन्ही मेहुण्यांचं काय चाललंय इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते फक्त सुई पाहत होते. कॅमेरा कोटावर धरला, सुई मधोमध. अ‍ॅप्रनवर धरला, मधोमध. शालीवर धरला, मधोमध. सगळं जग अखेर मीटरच्या मताप्रमाणे राखाडी झालं होतं. असा योग आयुष्यात पुन्हा येणार नाही हे त्यांच्यातल्या अनुभवी माणसाने ओळखलं आणि त्यांनी बटण दाबलं.

पुढच्या मंगळवारी फोटो आला. वकील कोर्ट सुटल्यावर सहज म्हणून आले, बेकरीवाले या बाजूला काम होतं म्हणून आले. स्टुडिओवाल्या काकांनी पाकिटावर स्वतःच्या अक्षरात "एक्स्पोजर उत्तम" असं लिहिलं होतं, आणि फार्मासिस्टांनी ते पाकीट सर्वांना दिसेल असं टेबलावर ठेवलं. त्याकडे कुणी पाहिलं नाही.

फोटोत सासूबाई लख्ख आल्या होत्या. शालीचा धागान्‌धागा मोजावा असा. त्या खुदकन हसत होत्या. आणि त्यांच्या मागे, पायरीवर, दोन राखाडी वावटळी एकमेकींत घुसल्या होत्या. त्यात कुठेतरी चार हात होते.

"हा डावीकडचा मी," वकील म्हणाले. "पोटावरून ओळखू येतंय."

"ते पोट माझं आहे. तू उजवीकडे होतास."

"सुरुवातीला. नंतर मी फडकं घ्यायला इकडे आलो."

"फडकं मी तुला दिलं होतं."

"दिलं नव्हतंस, मी हिसकलं. आणि हा कान बघ. हा आपल्या घराण्यात फक्त मला आहे."

"तो कान नाही दादा, तो माझा अंगठा आहे."

दोघं फोटोवर डोकी जुळवून वाकले होते. दोघांच्या मध्ये आता साधं पाकीटसुद्धा गेलं नसतं. सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, फोटो झकास आलाय. पण यातला कुठला कोण, ते माझ्यानंतर कुणाला सांगता यायचं नाही. पुन्हा काढावा लागेल."

फार्मासिस्टांचा चेहरा पडला. "काढू, आई. या वेळी भोक मोठं करतो आणि शटर अडीचशेवर ठेवतो. एका सेकंदात उरकेल."

"उरकायचंय कुणाला? रोलमध्ये किती फोटो असतात?"

"छत्तीस."

"मग छत्तीसचाच आणा," सासूबाई म्हणाल्या, "आणि दर गुरुवारी एकच काढायचा. सावकाश, दोघांनाही नीट मोजून."