मन्मथप्पांची चौकशी

मन्मथप्पा गाण्याचासुद्धा संशय घेत. तुम्ही-आम्ही गाणं लागलं की ऐकतो, आवडलं तर मान हलवतो, नाही आवडलं तर रेडिओ बंद करतो. मन्मथप्पांचं तसं नव्हतं. तबकडी फिरू लागली की ते मांडी घालून, डोळे बारीक करून बसत आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहत. चेहरा असा, की समोर गाणं नसून एखादा आरोपी उभा आहे. मध्येच ओरडत, "थांब! एक मात्रा कुणी खाल्ली?"

ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, मापांवर शिक्का आहे की नाही बघायचं, हे त्यांचं काम. पण काम संपवून घरी आले तरी तपासणी संपत नसे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या रंगवून झाल्या होत्या, खुर्च्या अजून यायच्या होत्या. मी नांदेडहून लिपिक म्हणून तिथल्या एका नव्या कचेरीत रुजू झाले. सगळीकडून माणसं बदलून येत होती, त्यामुळे खोली मिळणं मुश्कील. शेवटी गंगाबाई नावाच्या मालकीणबाईंच्या आवारात एक खोली रिकामी असल्याचं कळलं. आई आणि मी जाऊन उभ्या राहिलो. गंगाबाईंनी आडनाव विचारलं. "सोनकांबळे," मी म्हटलं. त्या जरा वेळ भिंतीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "नोकरी सरकारी हाय न्हवं? पक्की?" पक्की होती म्हणून खोली मिळाली.

शेजारच्या खोलीत मन्मथप्पा. पहिल्याच संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. उंच, वाळलेले, कपाळावर भस्माची पट्टी, गळ्यात इष्टलिंग.

"गाव?"

"नांदेड."

"नांदेडात कुठं?"

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात, पुन्हा तेच प्रश्न. मी म्हटलं, "काल सांगितलं की अप्पा."

"हाव. कालचं अन् आजचं जुळतंय का, ते बगून राहिलो."

माझ्यासारख्या आडनावाच्या माणसाला असल्या चौकशा नवीन नसतात. मी मनात म्हटलं, आलं लक्षात. पण आठवडाभरात मला दिसलं, की ते दूधवाल्याला तेच विचारतात, पोस्टमनला तेच विचारतात, आणि ज्यांच्या घरात स्वतः राहतात त्या गंगाबाईंनाही "घर तुमच्याच नावावर हाय न्हवं?" असं अधूनमधून विचारतात. संशयाच्या बाबतीत त्यांच्याकडे भेदभाव नव्हता.

लग्नही त्यांचं याच कारणानं राहिलं होतं. तरुणपणी स्थळं आली तेव्हा प्रत्येक ठिकाणी अप्पांना काहीतरी खटकलं. "मुलगी चांगली होती. पण बापानं लई घाईनं हो म्हटलं," असं ते एका स्थळाबद्दल सांगत. त्या सगळ्या स्थळांची चौकशी चालू असतानाच केस पिकले. 'चौकशी चालू हाय' हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. जेवलात का, असं विचारलं तरी कधीकधी तेच उत्तर यायचं.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. आवारात एक हापसा होता. सकाळी थोडा वेळ तो बरं पाणी द्यायचा, मग गढूळ, मग नुसता खडखडाट. गंगाबाईंनी नंबर लावून दिले. पहिला त्यांचा, मग अप्पांचा, मग कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या शेखमास्तरांचा, आणि शेवटी आमचा. शेखमास्तर उर्दू शाळेत शिकवायचे. सज्जन माणूस, पण बोलले काहीच नाहीत.  आईनं घागर उचलून भिंतीशी नेऊन ठेवली.

अप्पा दात घासत बाहेर आले आणि थबकले.

"ह्या बायांचा नंबर शेवटी का?"

"असाच लावला," गंगाबाई म्हणाल्या.

"असाच काही लागत न्हाई. शेवटी गढूळ येतंय. रोज एकालाच गढूळ, म्हंजे यात कायतरी काळंबेरं हाय."

त्यांनी खोलीतून शिक्का मारलेलं लिटरचं माप आणलं आणि हापशाशी उभं राहून प्रत्येकाचं पाणी मोजलं. तेव्हापासून नंबर रोज फिरू लागला आणि गढूळ पाणी सगळ्यांच्या वाट्याला सारखं येऊ लागलं. अप्पांना समाजसुधारणा वगैरे करायची नव्हती. त्यांना फक्त माप खटकलं होतं. गंगाबाई मात्र पुढे बरेच दिवस माझ्याशी आणि अप्पांशीही तोंड फिरवून वागल्या.

आता त्या तबकड्यांचं सांगते.

उदगीरला अप्पा एका रद्दीवाल्याचा काटा तपासायला गेले होते. त्याच्याकडे हैदराबादकडून रेल्वेनं रद्दीचे गठ्ठे यायचे. एका गठ्ठ्यात अमेरिकेतल्या तबकड्या निघाल्या. रद्दीवाला त्या किलोवर विकत होता. अप्पांनी काटा तपासला, तो बरोबर निघाला, आणि त्यामुळेच त्यांचा संशय वाढला. शिवाय प्रत्येक पाकिटाचा एक कोपरा कापलेला होता, शेळीचा कान कापतात तसा.

"हे काय?"

"कंपनीनं टाकून दिलेला माल हाय साहेब. खपला न्हाई की कान कापत्यात."

"का खपला न्हाई?"

रद्दीवाल्याला काय माहीत! अप्पांनी तो गठ्ठा विकत घेतला, पावती घेतली, कुणाचा तरी जुना रेकॉर्ड प्लेअर पैदा केला आणि चौकशी सुरू केली.

ती चौकशी मी आले तेव्हाही चालू होती. दर रविवारी उदगीरची एसटी, येताना काखेत नवा गठ्ठा. पाकिटावर कधी घुबड, कधी ढगात गेलेली शिडी, कधी पाण्यात उभा असलेला घोडा. बँडची नावं अप्पांच्या तोंडात बसत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं पाडली होती: ओहायोचे घुबडवाले, कॅन्ससचे शिडीवाले, इंडियानाचे घोडेवाले. सगळे सत्तरच्या दशकातले. एक-दोन तबकड्या काढायच्या आणि गायब व्हायचं, ही त्यांची रीत. एखादा ढोलवाला दुसऱ्याच बँडच्या पाकिटावर सापडला की अप्पा भिंतीवर थाप मारून मला बोलवत. "बाई, हा बगा! घुबडवाल्यांतून फुटून शिडीवाल्यांत गेला. मला तवाच वाटलं होतं."

या संगीताला काय म्हणतात, असं मी एकदा विचारलं. पाकिटाच्या मागं छापलं होतं, ते त्यांनी वाचून दाखवलं: "प्रोग्रेसिव्ह रॉक. प्रोग्रेसिव्ह म्हंजे पुरोगामी. रॉक म्हंजे खडक. पुरोगामी खडक."

गंगाबाई ज्वारी निवडता निवडता म्हणाल्या, "खडक लागला म्हंजे पाणी न्हाई. बोअरवाला तेच म्हणत होता."

मला ते संगीत सुरुवातीला अजिबात कळलं नाही. पेटी वाजतेय म्हणावं तर मध्येच पावा, पाव्याच्या अंगावर ढोल, आणि सगळे कुठे निघालेत याचा पत्ता नाही. एक गाणं तबकडीची आख्खी बाजू खाऊन टाकायचं. अप्पांचं लक्ष मात्र मात्रांवर. "आठाच्या जागी सातच मापून राहिलेत. मी म्हटलं, हे चोर हायत. पण पुढं ऐका. पुढच्या ओळीला नऊ दिल्या! हिशोब चुकता. आपल्या बाजारात असं एक दुकान दाखवा."

मग विलायतेतल्या नावाजलेल्या बँडच्या कॅसेटी एका इंजिनियरनं त्यांना आणून दिल्या. हेच संगीत, पण जगभर गाजलेलं. अप्पांनी त्या न ऐकताच परत केल्या.

"ऐकून तरी बघायच्या," मी म्हटलं.

"लई खपलंय ते. ज्याला सगळे वळखतात, त्याचं माप कुणी तपासत न्हाई."

याच न्यायानं ते गर्दीच्या हॉटेलात चहा पीत नसत आणि ज्याच्याकडे पेशंट नाहीत अशाच डॉक्टरकडे जात.

एवढ्यावर भागलं असतं. पण उन्हाळा तापला आणि अप्पांच्या बंद खोलीतून टाळ्या ऐकू येऊ लागल्या.

गाणं संपायचं आणि टाळ्या पडायच्या. आधी बारीक, मग एक मोठी, खणखणीत. तबकडीतल्या असतील म्हणावं, तर ही मोठी टाळी अगदी भिंतीपलीकडची होती. कोणीतरी आत होतं. आईनं भिंतीला कान लावला आणि म्हणाली, "माणूस हाय. चांगला तगडा हाय."

आवारात तर्क सुरू झाले. गंगाबाईंना वाटलं, पाऊस पाडायला म्हणून अप्पांनी कुणी बाबा आणून ठेवलाय. शेखमास्तर हळू आवाजात म्हणाले, "मेरे को तो वायरलेस का मामला लगता. अमेरिका का माल है, आवाज इधर से उधर जाती होगी." मला स्वतःला वाटायचं, पत्त्यांचा अड्डा असावा, वजनमापेवाल्याला व्यापारी गाठतात, त्यातला प्रकार. जो माणूस सगळ्यांचा संशय घेत होता, त्याचा आता सगळं आवार संशय घेऊ लागलं. अप्पांनाही ते जाणवलं असावं. ते खिडकी लावून घेऊ लागले. मग तर खात्रीच झाली.

एका रविवारी संध्याकाळी गंगाबाई म्हणाल्या, "चला. आज सोक्षमोक्ष. पटलं न्हाई तर खोली खाली करून घेणार. जिल्हा झालाय, मला साहेब लोक मिळतील." मी कचेरीतली म्हणून मला पुढे केलं, शेखमास्तर मागे.

अप्पांनी दार बोटभर उघडलं. "कुणी पाठवलं?"

"घर माझं हाय. मला कोण पाठवणार?" म्हणत गंगाबाई आत शिरल्या.

आत कोणी नव्हतं. एक खाट, एक ट्रंक, जमिनीवर रेकॉर्ड प्लेअर आणि भिंतीला लावून ठेवलेल्या तबकड्या. शेखमास्तरांनी वाकून खाटेखाली पाहिलं. अप्पांनी स्टोव्ह पेटवला. कप त्यांच्याकडे एकच होता. या खोलीत आजवर दुसऱ्या कुणी चहा घेतलाच नसावा. तेव्हा त्यांनी जुनी पितळी मापं काढली, धुतली, आणि आम्हा तिघांना त्यांतून चहा दिला, काठोकाठ, कुणाला थेंब कमी नाही की जास्त नाही. गंगाबाईंनी माप हातात धरून ठेवलं, ओठाला लावलं नाही.

"अप्पा," मी विचारलं, "टाळ्या कोण वाजवतं?"

उलट प्रश्न येईल असं मला वाटलं होतं. तो आला नाही. त्यांनी इंडियानाच्या घोडेवाल्यांची एक तबकडी काढली, फडक्यानं पुसली आणि लावली.

"ही बंद खोलीत केल्याली न्हाई. लोकांसमोर वाजवलेली हाय. कुठल्यातरी शाळेच्या हॉलात," एवढंच म्हणाले.

आम्ही ऐकत बसलो. पहिल्यांदाच मी ते भिंतीच्या अलीकडून ऐकत होते. लांबलचक गाणं. मध्ये सगळी वाद्यं थांबली आणि एकटा पावा बराच वेळ वाजत राहिला; तेव्हा शेखमास्तरांनी चहा खाली ठेवला. मग एकेक वाद्य परत आलं. शेवटी सगळे मिळून इतक्या जोरात वाजवू लागले, की ट्रंकेवरची किल्ली थरथरली. आणि संपलं.

टाळ्या आल्या. पण किती विरळ! प्रत्येक टाळी वेगळी ऐकू येत होती. एक जवळची, एक लांबची, एक बाईची असावी. कुणीतरी खुर्ची सरकवली, उठून गेलं. दहा-पंधरा माणसं असतील-नसतील.

आणि आमच्या शेजारी, मान खाली घालून, मन्मथप्पा टाळ्या वाजवत होते. जोरजोरात, दोन्ही हात लाल होतील असे. तबकडीतल्या टाळ्या थांबल्या तेव्हाच ते थांबले.

 मग ट्रंकेकडे बघत म्हणाले, "लई तयारी केलती पोरांनी. शेवटाला एकूण एक मात्रा चुकती केली. अन् हॉल रिकामा. ऐकू येतंय न्हवं? मोठ्या हॉलात माणूस कमी असला की टाळी अशी येती." मग तळहात चोळत म्हणाले, "आपण दोन हात लावले, तर तेवढीच भर."

"लेकिन अप्पा," शेखमास्तर हळूच म्हणाले, "उनको कैसे सुनाई देगा?"

"न्हाई देत ऐकू. तेवढी चौकशी केली हाय मी."

गंगाबाईंनी चहा संपवला. पदरानं तोंड पुसलं.

"मग? पुढं वाजवलं का त्यांनी अजून एखादं?"

"न्हाई. तबकडी तिथंच संपती."

"का बरं?"

"वाजवा म्हणून कुणी म्हटलं नसंल."

 गंगाबाई खाटेच्या पायाला पाठ टेकून, मला शेजारी जागा करून देत म्हणाल्या, "बसा बाई नीट. अप्पा, मी म्हणते की. लावा पुन्हा."

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे बारीक झाले. मला वाटलं, आता विचारणार, का म्हणून? पण त्यांनी वाकून सुई उचलली आणि पहिल्यापासून लावली.

पुन्हा तो पावा आला, पुन्हा सगळे आले, पुन्हा किल्ली थरथरली. संपल्यावर आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. शेखमास्तरांनी तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. उर्दू शाळेतल्या त्या सज्जन माणसाला शिट्टी येत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आम्ही उठून निघालो तरी अप्पांनी तोंड आमच्याकडे वळवलं नाही. ते पाठमोरे उभे राहून ती तबकडी पाकिटात घालत होते. ती आत जायची, ते बाहेर काढायचे आणि पुन्हा आत घालायचे.