तुतीच्या पाकाची आणि गड उतरल्याची हकीकत

श्रीकुळस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून, वडील माणसांचे तोंडून जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, फाल्गुन वद्यात एका राज्यातील डोंगरी गडास गनिमाचा वेढा पडोन धान्य सरले, टाक्यांचे पाणी तळास गेले, आणि किल्लेदार मुधोजीराव यांस खोकल्याने धरिले. खोकला ऐसा की सदरेवर खोकले तर बुरुजावर ऐकू यावे. मग मसलत बैसली. चोरदिंडीने पहाटेचे धुक्यात सर्व माणसे, लेकरांसुद्धा, खाली उतरवावी ऐसे ठरले. परंतु वाट गनिमाचे चौकीखालून जात होती, आणि तेथे कोणी खोकले तर अवघ्यांची कत्तल होती.

राव बोलिले, "तुम्ही जावे. आम्ही गडावरच राहतो."

तेव्हा त्यांचे कुटुंब म्हाळसाबाईसाहेब बोलिल्या, "तटाखाली तुतीस फळ आले आहे. माहेरी घसा धरला म्हणजे तुतीचा पाक देत. आजचा दिवस द्यावा, मी करून देते."

हवालदार चांगोजी भीत भीत म्हणाले, "आणि उबळ राहिली नाही तर?"

राव बोलिले, "तर तुम्ही आमचे मागे कट्यार घेऊन चालावे. आवाज फुटण्याआधी काम करावे." चांगोजींच्या डोळ्यांस पाणी आले. राव म्हणाले, "हा हुकूम आहे."

मग बाईसाहेब तटाखाली गेल्या आणि वरून गोळ्या जात असता काळी पिकली फळे ओटीत भरली, आणि धूर दिसो नये म्हणोन निखाऱ्यांवर पातेले ठेविले, आणि फळे कुसकरून रस पातळ फडक्यातून गाळिला, आणि देवापुढील खडीसाखर घालून ढवळो लागल्या. इतक्यात तोफेचा गोळा बुरुजावर पडला, बाईसाहेब दाराकडे धावल्या, आणि पाक तळास लागोन जळाला. मग त्या उरली फळे, उरली साखर घेऊन पुन्हा बसल्या आणि बोटांत तार येईतो उठल्या नाहीत.

पहाटे धुके दाटले. मायांनी लेकरे पदराखाली घेतली, आणि सर्व खाली उतरो लागले. मागून राव, त्यांचे बाजूस पाकाची कुपी घेऊन बाईसाहेब, त्यांमागे चांगोजी. चौकीखाली येताच वरील पहारेकरी जांभई देतो तेही ऐकू आले, आणि तेथेच रावांची छाती भरोन आली. ते थांबले, मान लवविली, आणि चांगोजींची कट्यार वर गेली. बाईसाहेबांनी डाव्या हाते ते मनगट धरिले आणि उजव्या हाते कुपी रावांचे ओठी लाविली. रावांनी घोट घशात धरोन ठेविला. अंग थरथरले, डोळे तांबारले, पाक दाढीवरोन ओघळला, आणि चांगोजींस ते रक्त वाटले. मग हळूहळू उबळ बसली आणि पाऊल पुढे पडले.

नदीपार झाडीत पोचल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "आता खोकावे." राव ऐसे खोकले की झाडावरील पाखरे उडाली, आणि लेकरे हसो लागली. चांगोजी मात्र एकीकडे बसोन आपले मनगट पाहात राहिले.

एवंच गड गेला तो पुन्हा हाती आला नाही. माणसे सर्व वाचली. रावांचा खोकला चैत्रात उतरला. चांगोजींनी पुढे कट्यार बांधिली नाही. इतके घडले ते सांगितले.