नकाशात न मावलेलं नाव

लातुरातल्या एका पुलाचं नाव मी घालवलं. हातोडा मारला नाही, रंग फासला नाही. एक पत्रक छापलं, बस्स.

तेव्हा लातुरात ट्यूशनचं पीक जोमात होतं. ज्याच्या घराला दोन खोल्या त्याच्या एका खोलीत क्लास, आणि ज्याला तीन त्याच्या दोन खोल्यांत क्लास नि तिसरीत नांदेडकडची चार पोरं भाड्यानं. मीही शाळेतली नोकरी सोडून गणिताचा क्लास काढला. परगावच्या पालकांना रस्ता सापडावा म्हणून पत्रकाच्या मागच्या बाजूला नकाशा द्यायचं ठरलं. तो मीच काढला, कारण भूमिती शिकवणाऱ्याला नकाशा येतोच असा माझा समज होता. औसा रोडवरून आमच्या भागात शिरताना एक नाला लागतो, त्यावर पूल. पूल म्हणजे फार काही नाही, चालत गेलं तर चाळीस पावलं. पण त्याच्या कठड्यात काळ्या दगडाची पाटी होती : 'शहीद नाईक माणिक गणपती भोसगे सेतू'. माझ्या नकाशात पुलाच्या वाट्याला नखाएवढी जागा आली होती. तिच्यात हे नाव मावेना. मी लिहून टाकलं, 'ट्यूशन पूल'.

पत्रकं गावोगाव गेली. पालक ती हातात धरून बसस्टँडवर उतरायचे आणि ऑटोवाल्यांना दाखवायचे. दोन वर्षांत सगळं लातूर ट्यूशन पूल म्हणायला लागलं. मला याचा अभिमानही वाटायचा. गणितात नाही, पण भूगोलात माझं काहीतरी राहणार, असं मी हिला म्हणालोसुद्धा.

हे ज्यांना सहन झालं नाही ते एकच गृहस्थ होते, आणि माझ्या नशिबानं ते माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होते.

इस्माईलसाब. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. एसटीनं त्यांना सोडलं होतं, त्यांनी एसटीला सोडलं नव्हतं. खाकी शर्ट तोच, आणि खिशात तिकिटाला भोक पाडायचा तो जुना चिमटाही तोच. तो कसा राहिला त्यांच्याकडे, मी विचारलं नाही. लग्नाच्या पंगतीत लोक दाराशी तुंबले की इस्माईलसाब उठायचे, "मागं सरका, मागं लई जागा हाय," आणि खरंच पंगत मागं सरकायची. कुणी वाटेत बोलत उभं राहिलं की खिशातून टक टक. म्हणजे गाडी सोडा.

आणि एखाद्यानं त्यांच्यासमोर 'ट्यूशन पूल' म्हटलं की चिमटा बाहेर यायचा. एकच टक, अगदी कानाजवळ.

"पुरं नाव घ्या, मास्तर."

"चाचा, केवढं मोठं नाव ते. म्हणून होईस्तोवर पूल संपतो."

"संपू द्या. तिकीट पुरं काढता न्हव? मग नाव का अर्धं?"

तिकीट पुरं, नाव बी पुरं. हे वाक्य मी दिवसातून सरासरी तीनदा ऐकलं. सरासरी काढणं माझा धंदाच आहे.

एकदा मे महिन्यात आम्ही दोघं मोंढ्यातून परत निघालो. त्यांच्याकडे तूरडाळीचं पोतडं, माझ्याकडे दोन कलिंगडं. ऑटो थांबवला. मी तोंड उघडायच्या आत इस्माईलसाब म्हणाले, "शहीद नाईक माणिक गणपती भोसगे सेतू."

ऑटोवाला म्हणाला, "हे कुठं आलं?"

"लातुरात."

"मी इथलाच हाय, चाचा. असं काही न्हाई इथं."

मी हळूच पुढं वाकून म्हणालो, "अरे, ट्यूशन पूल." टक. इस्माईलसाब पोतड्यासकट खाली उतरले. दुसऱ्या ऑटोचं तेच, तिसऱ्याचं तेच. चौथा थांबलाच नाही. बहुधा तिसऱ्यानं त्याला सांगितलं असावं. शेवटी आम्ही चालत आलो. एक कलिंगड वाटेत फुटलं. "पडू द्या," ते म्हणाले, "ओझं कमी झालं."

पण याहून मोठा प्रसंग माझ्या थोरलीला पाहायला पाहुणे येणार होते तेव्हाचा. पाहुणे नायगावचे. ऐन वेळी माझा फोन बंद पडला, म्हणून मी त्यांना शेजारचा नंबर कळवला. आयुष्यात मी ज्या चुका केल्या त्यांत या चुकीचा नंबर बराच वर लागतो. पाहुण्यांनी लातुरात शिरताना फोन करून खूण विचारली. इस्माईलसाबांनी ती सांगितली. पुरी.

अकराला यायचे पाहुणे दीडला आले. त्यांची जीप लातूरभर फिरली होती. कुणी त्यांना पुतळ्याकडे पाठवलं, कुणी पोलीस लाइनीत. एका पानवाल्यानं तर, असा माणूस इथं राहत नाही, असं सांगितलं. पोह्यांचा दगड झाला होता. ही स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत मी कंडक्टर, मीच ड्रायव्हर आणि मीच खड्डा होतो.

मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले, "आम्ही सारं लातूर पाहिलं, पण तुमचं घर काही दिसंना."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर दारातून आवाज आला, "नाव ध्यानात राहिलं का?"

इस्माईलसाब न बोलावता आत आले होते. मुलाच्या वडलांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि, रागानं का होईना, एका दमात म्हणाले, "शहीद नाईक माणिक गणपती भोसगे सेतू. पंचवीस जणांना विचारलंय, आता मरेस्तोवर विसरत न्हाई."

टक.

"ह्यांच्या घरी मुलगी द्या, मास्तर," इस्माईलसाब म्हणाले. "माणूस उतरायची जागा विसरणार न्हाई."

दिली. अजूनही व्याह्यांचा फोन आला की आधी विचारतात, कंडक्टरसाब कसे आहेत. माझी चौकशी नंतर, वेळ उरला तर.

मग पूल रुंद करायचं निघालं. ट्यूशनची गर्दी इतकी वाढली होती की क्लास सुटताना सायकलीच्या चाकात सायकल अडकायची. जुना कठडा फोडला, त्यात तो काळा दगडही निघाला. संध्याकाळी पाहतो तर इस्माईलसाब हातगाड्यावर दगड घालून घरी आणतायत. अंगणात लिंबाखाली ठेवला, वर जुना खाकी शर्ट पांघरला. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं लिंबाखाली पेपर वाचायला गेलो आणि त्यावरच बसलो, तेव्हा जी टक ऐकली ती मी विसरणार नाही.

नवा पूल झाला. नवी पाटी लागणार होती, आणि तिच्यावर काय लिहिणार याचीही बातमी आली. 'ट्यूशन पूल'. इस्माईलसाब मला हाताला धरून बांधकाम खात्याच्या कचेरीत घेऊन गेले.

इंजिनियर तरुण होता, वागायला नम्र. त्यानं फाईल उघडली. "चाचा, जुना ठराव आम्हाला सापडत नाही. लोकांच्या तोंडी जे नाव आहे तेच लावा, असं वरून आलंय."

"दगड माझ्या अंगणात हाय."

"दगड फाईलला लावता येत नाही, चाचा. कागद पाहिजे."

"मग ह्याचा कागद हाय का तुमच्याकडं? ट्यूशनचा?"

"आहे ना." त्यानं फाईलमधून एक जीर्ण पत्रक काढून टेबलावर ठेवलं. मागच्या बाजूला नकाशा. नकाशात नखाएवढा पूल. पुढच्या बाजूला माझा फोटो.

मी चिमट्याची वाट पाहत होतो, पण आवाज आला नाही. इस्माईलसाब उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

मी त्यांच्याजवळ गेलो. वैतागलो होतो, थोडा माझ्यावर, बराचसा त्यांच्यावर. "चाचा, त्या शहिदाची घरची माणसं बोलत नाहीत, गाव बोलत नाही. तुम्ही त्याचे कोण लागता, की आम्हा सगळ्यांना इतकी वर्षं छळताय?"

"कुणी न्हाई," ते म्हणाले. मग चिमटा हातात फिरवत सांगू लागले.

"भूकंपाला तीन-चार दिस झालते. मी औशाच्या पुढच्या गाडीवर होतो. लातूरला एक फौजी चढला. ट्रंक, बूट, सारं टापटीप. 'उंबरवाडी द्या' म्हणला. त्याला तार गेलती, लवकर ये म्हणून. एवढंच. अर्ध्या गाडीला ठाऊक होतं उंबरवाडीत काय राहिलंय. कुणी तोंड उघडलं न्हाई. मी तिकीट दिलं."

"मग?"

"गाव आलं. मी हळूच म्हणालो, उंबरवाडी. त्यानं खिडकीतून बघितलं आणि म्हणला, 'माझं गाव अजून यायचंय.' कळस न्हाई, माळवदं न्हाईत, मातीचा ढीग नुसता. काय ओळखावं त्यानं? मला पुन्हा नाव घ्यायची हिंमत झाली न्हाई, मास्तर. दोनदा घंटी मारली अन् गाडी सोडली."

व्हरांड्यातून एक शिपाई फायली घेऊन गेला. इस्माईलसाबांनी पाय आत घेतले, त्याला वाट दिली.

"शेवटच्या थांब्याला सारे उतरले. तो बसून. म्हणला, 'कंडक्टरसाब, ते माझंच गाव व्हतं न्हव? परत जाताना थांबवा. पण मोठ्यानं नाव घ्या. तुम्ही नाव घेतल्याबिगर मला उतरता येणार न्हाई.' येताना मी दारात उभा राहून नाव घेतलं. मोठ्यानं. तो उतरला. ट्रंक मी खाली दिली. परतीचं तिकीट त्याला फाडलं न्हाई. सगळ्या नोकरीत तेवढा एकच माणूस बिगरतिकिटाचा नेला."

"घरी कोण होतं त्याच्या?"

"व्हते. समदे."

मी बाकावर त्यांच्याशेजारी बसलो.

"काही वर्षांनी तो बी गेला, सरहद्दीवर. पुलाला नाव दिलं तवा पडदा ओढायला घरचं माणूस हुडकून राहिले होते. कोण सापडणार? मी गर्दीत मागं उभा होतो. पुढं झालो न्हाई. मी कोण?" त्यांनी चिमटा खिशात टाकला. "एक बार त्याच्यासमोर नाव घ्यायला कचरलो मी. आता न्हाई कचरणार. मग तुम्ही कितीबी वैतागा."

मी उठलो, आत गेलो आणि इंजिनियरकडे एक कोरा कागद मागितला. आजवर मी दहावीच्या पोरांकडून हजारो सिद्धता लिहून घेतल्या, पण ही एक लिहायला मला अर्धा तास लागला. 'सदर पुलाचे ट्यूशन पूल हे नाव लोकांनी दिलेले नाही. ते मी दिले आहे. नकाशात जागा नव्हती म्हणून दिले. जागा नव्हती हेही खरे नाही. पुढच्या बाजूचा माझा फोटो लहान करून मागचा मजकूर तिकडे घेतला असता तर जागा झाली असती. पुलाचे खरे नाव खालीलप्रमाणे.' आणि खाली पुरं नाव. सही.

इंजिनियरनं वाचलं. ओठ दाबून पुन्हा वाचलं. "सर, हे मी फाईलला लावू?"

"लाव."

"सगळे वाचतील."

"वाचू दे."

महिना-दीड महिना गेला. इस्माईलसाब रोज सकाळी पुलापर्यंत जायचे, रिकामा कठडा बघून परत यायचे. मला काही म्हणायचे नाहीत. मी चुकून 'ट्यूशन पूल' म्हटलं तरी टक नाही. हे मला फार जड गेलं. शेवटी मी मुद्दाम दोन-तीनदा म्हणून पाहिलं.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "मास्तर, चला."

पाटी लागली होती. निळी, पांढऱ्या अक्षरांची. 'शहीद नाईक माणिक गणपती भोसगे सेतू'. वरून पोरांच्या सायकली चालल्या होत्या, कुणी मान वर करून बघत नव्हतं. इस्माईलसाब पाटीसमोर उभे राहिले आणि दारात उभं राहून थांबा पुकारावा तशा आवाजात त्यांनी ते नाव घेतलं, सगळं. दोन-चार पोरं दचकली. एकानं सायकल थांबवली, उतरावं की काय अशा चेहऱ्यानं. इस्माईलसाब बाजूला झाले, जणू कुणालातरी खाली उतरायला वाट देतायत. डोळे पुसायला त्यांनी खाकी बाहीच वापरली.

मलाही भरून आलं होतं. अशा वेळी माणसानं गप्प राहावं, पण माझ्या खिशात नवं पत्रक होतं. त्याच सकाळी छापून आलेलं. फोटो काढून टाकला होता, क्लासचं नाव बारीक केलं होतं, आणि नकाशात पुलावर पुरं नाव ठळक अक्षरांत घेतलं होतं. मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. औसा रोडवरून बोट हळूहळू आमच्या गल्लीपर्यंत आणलं, परत नेलं, पुन्हा आणलं.

टक.

"नाव पुरं हाय, मास्तर," ते म्हणाले. "पण त्याला जागा करायला तुम्ही पूल उचलून तुमच्या क्लासच्या दारात ठिवला, अन् नाला तिकडंच राहिला. लोकांची लेकरं तुमच्याकडं भूमिती शिकायला पाठवतात तरी कोण?"