जंगल सोडवायचा धंदा

पत्रूभाऊ माझ्या अंगणात आले की मी हाताशी असलेल्या वस्तू आधी आत नेऊन ठेवते. चोरतील म्हणून नाही. या माणसाने दुसऱ्याची काडीसुद्धा कधी उचललेली नाही. पण समोर दिसेल ती वस्तू ते एका हातात घेतात, दुसऱ्या हातात दुसरी घेतात आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघत उभे राहतात. एकदा माझी इस्त्री आणि वेलावरचं कोहळं घेऊन ते इतका वेळ उभे होते की चुलीवरच्या चहाचा काढा झाला. काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सोयरीक जुळवून राह्यलो, बाई. जमते का नाई ते पाहून राह्यलो."

इस्त्री आणि कोहळ्याचं काही जमलं नाही. कोहळं देठापासून तुटलं ते तुटलंच, आणि मला नको असताना त्या दिवशी कोहळ्याची भाजी करावी लागली.

सोयरीक म्हणजे पत्रूभाऊंची नवा धंदा शोधायची रीत. नागभीडला एकदा स्वयंरोजगाराचं शिबिर झालं होतं. तिथे शहरातून आलेल्या, कोट घातलेल्या एका पोराने सांगितलं, की ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही त्या शेजारी शेजारी ठेवा आणि डोकं चालवा, धंदा सुचेल. बाकीचे लोक दुपारच्या जेवणासाठी बसले होते. ते जेवले आणि विसरले. पत्रूभाऊ तेवढं वाक्य घरी घेऊन आले. तेव्हापासून आमच्या गावात कोणत्याही दोन वस्तूंना सुखाने लांब लांब राहता आलेलं नाही.

मी या गावात मास्तरीण म्हणून आले, इथेच निवृत्त झाले आणि जायला दुसरं ठिकाण नव्हतं म्हणून इथेच राहिले. स्वप्नाळू माणसांचा मला मनापासून राग आहे. शाळेत खिडकीबाहेर बघणाऱ्या पोरांना मी पहिल्या बाकावर आणून बसवत असे. पण पत्रूभाऊंवर धड रागावताही येत नव्हतं, कारण हे सगळं कशासाठी चाललंय ते गावात प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्यांची धानाची शेती थोडी, तीही पावसावरची. घरचा भात निघतो, बस. वरचा पैसा यायचा तो जंगलातून. उन्हाळा लागता लागता मोहफुलं, मग तेंदूपान, आणि वर्षभर जळण. हे आणायला जायची त्यांची बायको शेवंता. काही वर्षांमागे मोहाच्या दिवसांत शेवंताच्या पलीकडच्या झाडाखाली वेचणाऱ्या एका तरण्या सुनेला वाघाने नेलं. शेवंता हाकेच्या अंतरावर होती. ती घरी आली आणि संध्याकाळपर्यंत चुलीसमोर बसून राहिली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा टोपली घेऊन निघाली, कारण मोह काही कुणासाठी थांबत नाही. त्या सकाळी पत्रूभाऊ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, हिचं जंगल सोडवाचं आहे मले."

बायकोऐवजी स्वतः का जात नाही, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं. पत्रूभाऊंना जंगलाचं भय आहे, आणि हे ते लपवतही नाहीत. गावाबाहेरच्या नाल्यापलीकडे गेले की त्यांचे हातपाय कापायला लागतात. तरी एकदा ते शेवंतासोबत गेले होते. सोबत तेलाचा रिकामा डबा नेला आणि झाडाखाली बसून तो अखंड बडवत राहिले. वाघ आला नाही, पण बाकीच्या बायकांना एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. त्यांनी दुसऱ्या दिवशी पत्रूभाऊंना नाल्यावरूनच परत पाठवलं. मग ते शेवंता येईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसायचे आणि सोयरिकी जुळवायचे.

त्यांचा पहिला मोठा धंदा मुखवट्यांचा. वाघ मागून येतो आणि माणसाचे डोळे दिसले तर येत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. म्हणून मुखवटा आणि डोक्याची मागची बाजू यांची सोयरीक. मुखवटे रंगवून घेतले नागभीडच्या शब्बीर पेंटरकडून. शब्बीरभाई हुशार माणूस, पण त्यांचा जन्म गेला निवडणुकीचे फलक रंगवण्यात. त्यांनी काढलेल्या प्रत्येक तोंडाला मिशा, कपाळावर टिळा आणि ओठांवर मत मागतानाचं हसू. पहाटे आमच्या गावच्या बायका ओळीने जंगलाकडे निघाल्या की प्रत्येकीच्या डोक्यामागून एकच उमेदवार हसत असायचा. कुत्री भुंकून भुंकून थकली. आपल्याविरुद्ध कुणीतरी आत्तापासूनच उभं राहतंय अशी सरपंचांना शंका आली. शेवंताने मुखवटा थोडे दिवस निमूट बांधला, आणि मग एकदा भाकर थापताना एवढंच विचारलं, "आन तो पुढून आला तं?"

पत्रूभाऊंनी सगळे मुखवटे उतरवून घेतले. गोठ्यात ते बरेच दिवस लटकत होते, आणि गायीने त्या काळात दूध कमी दिलं असं ते म्हणायचे.

शेवंता कमी बोलायची. घरात तिचे शब्द मोजकेच. नवऱ्याने नवा धंदा सांगितला की ती मान हलवायची; ती हो म्हणाली की नाही, हे पत्रूभाऊ मला येऊन विचारायचे. मला तरी काय कळणार? मी म्हणायची, जे करायचं ते करा, पण माझ्या घरातल्या वस्तूंना हात लावू नका.

मग आली ती सफारी. आमच्या भागात गाड्या भरभरून लोक वाघ बघायला येतात. पत्रूभाऊंचं म्हणणं असं की या लोकांमध्ये एखादा तरी आपल्यासारखा भित्रा असणारच, आणि त्या बिचाऱ्याला कुणी विचारत नाही. त्यांनी फाट्यावर पाटी लावली : 'येथे वाघ दिसणार नाही. खात्रीने.' त्या पाटीला गाव महिनाभर हसलं. पण एक दिवस खरंच नागपूरची गाडी थांबली. गाडीतल्या लोकांची म्हातारी आई जंगलात यायला तयार नव्हती, आणि दोन दिवस फिरून त्यांना वाघही दिसला नव्हता, त्यामुळे गाडीत सगळेच एकमेकांवर चिडलेले होते. पत्रूभाऊ त्यांना धानाच्या बांध्यांवरून फिरवू लागले. हे कोणतं धान, हा कोणता पक्षी, असं सगळं छान चाललं होतं. शेताच्या टोकाला बोडी आहे, म्हणजे बांध घातलेलं लहानसं तळं. तिच्या पाळीवर ते चढले तर समोर वाघ पाणी पीत होता.

वाघाने पाणी पिऊन घेतलं, या मंडळींकडे एकदा पाहिलं आणि तो झुडपात निघून गेला. नागपूरकर आनंदाने वेडे झाले. म्हातारीसुद्धा म्हणे टाळ्या वाजवत होती. ते लोक पत्रूभाऊंना ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊ लागले. पत्रूभाऊंनी हात जोडले आणि घेतलेलेही परत केले. वाघ दिसणार नाही अशी हमी आपण दिली होती आणि ती मोडली, असं त्यांचं म्हणणं. नागपूरकरांना ते पटेना, यांना पैसे घेणं पटेना. शेवटी नोटा बांधावर ठेवून गाडी निघून गेली, आणि पत्रूभाऊ नोटा तिथेच टाकून घराकडे पळाले. कारण शेवंता त्या बाजूलाच जळणाला गेली होती.

मी तेव्हा त्यांच्या दारात उभी होते. शेवंता समोरून मोळी घेऊन आली, मोळी टाकली, पाणी प्यायली.  मग म्हणाली, "पाह्यला मी त्याले. तो त्याच्या वाटेनं गेला." पत्रूभाऊ ओट्यावर मटकन बसले आणि माझ्यासमोर रडले. त्या दिवसापासून मी त्यांना हसणं सोडून दिलं.

शेवटचा धंदा लुगड्यांचा. मोहफुलं पहाटे गळतात, आणि उजाडायच्या आत गेलं नाही तर हरणं खाऊन जातात. म्हणून बायका अंधारात जातात, आणि धोका अंधारातच जास्त. पत्रूभाऊंनी मोह आणि पाळणा यांची सोयरीक जुळवली. झाडाखाली जुनी लुगडी झोळीसारखी बांधायची, फुलं त्यात पडतील, आणि शेवंता चांगलं ऊन पडल्यावर चार जणींसोबत जाऊन ती नुसती उचलून आणेल. मला ही कल्पना खरोखर चांगली वाटली. मी माझी दोन पातळं दिली. शेवंताने स्वतःची लुगडी दिली, त्यात लग्नातलं एक होतं. हरणांना ती फुलं खरंच गाठता आली नाहीत. पण अस्वलाला मोह फार आवडतो, आणि आजवर जमिनीवरून वेचून खावा लागणारा मोह त्याला आयता ताटात वाढलेला मिळाला. दुसऱ्या सकाळी झाडाखाली चिंध्या होत्या. लग्नातल्या लुगड्याचा काठ तेवढा फांदीला राहिला होता. शेवंताने तो सोडवला आणि घडी करून कमरेला खोचला.

त्याच पावसाळ्यात तिला ताप आला. आधी गावात औषध घेतलं, मग नागभीडला, मग चंद्रपूरला नेलं. पत्रूभाऊ तिच्या उशाशी बसून होते. मी भेटायला गेले तर त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की नवीन धंदा सुचला आहे, हा नक्की जमेल, फक्त ही बरी होऊन घरी येऊ दे. कोणता धंदा ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही विचारवलं नाही. शेवंता घरी आली नाही. वाघाने तिला काही केलं नाही, अस्वलाने नाही, सापाने नाही. साध्या तापाने ती गेली.

त्यानंतर पत्रूभाऊंनी कशाचीच सोयरीक जुळवली नाही. माझ्या अंगणात येऊन बसायचे, चहा प्यायचे, कप विसळून पालथा घालून निघून जायचे. मी मुद्दाम वस्तू बाहेर ठेवून पाहिल्या. त्यांनी हात लावला नाही. मला त्यांची फार चिंता वाटायची, आणि चिंता वाटली की मी रागावते, म्हणून मी त्यांच्यावर उगाच ओरडायची.

होळीच्या सुमारास मोहाचे दिवस आले. आमच्याकडे जंगल सरकारचं असलं तरी मोहाचं झाड ज्या घरची बाई दरसाल खालचा पाला झाडते त्या घरचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण कुणी मोडत नाही. शेवंताच्या झाडांखाली यंदा पाला तसाच साचला होता. पण शेवंतासोबत जाणाऱ्या बायकांपैकी एकीनेही तिथे खराटा लावला नाही. शेवटी त्यांच्यातली सुमनबाई माझ्याकडे आली आणि भाऊंना विचारा म्हणाली, ती झाडं कुणाला द्यायची ते. मी विचारलं. पत्रूभाऊ उठून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते खराटा घेऊन बायकांच्या मागे नाल्यापलीकडे गेले.

सुमनबाईने मला नंतर सांगितलं.  पत्रूभाऊंनी पाला झाडला, झाडाखाली बसले, वेचायला लागले. बायकांनी त्यांना आपल्या मधल्या झाडाखाली घेतलं.  मग एकीने सहज सांगितलं, की शेवंता इथे यांचेच किस्से सांगायची. उमेदवाराच्या तोंडाचा मुखवटा, वाघ न दिसण्याची सफारी, सगळं. घरात गप्प असणारी ती बाई इथे नकला करून दाखवायची, आणि बाकीच्या हसून हसून टोपल्या सांडायच्या. आणि हसून झालं की म्हणायची, "माह्या माणसासारखा माणूस कोनाले नाई भेटला. माह्यासाठी डोकं फोडून राह्यला."

हे पत्रूभाऊंना माहीत नव्हतं. त्यांचा अर्धाअधिक संसार झाडाखाली झाला आणि त्यांच्या कानावर त्यातला शब्दही आला नव्हता. तेव्हापासून ते रोज जाऊ लागले. भय गेलेलं नाही, नाला ओलांडताना अजून सुमनबाईच्या पदराचं टोक धरतात. वेचलेली फुलं निम्मीशिम्मी दुसऱ्यांच्या टोपल्यांत टाकतात. त्यांना फुलं नकोच असतात. वेचता वेचता ते फक्त विचारतात, आणखी काय म्हणायची ती, आज एखादं सांगा.

मोहाचा हंगाम सरत आला तेव्हा सुमनबाई पुन्हा माझ्याकडे आली. ओट्यावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि जरा खाली मान घालून म्हणाली, "बाई, खरं होतं तेवढं सांगून झालं. आता आमी मनानं जुळवून सांगतो."

 मग मी विचारलं, त्यांना कळत नाही का?

"कळते त्याईले," ती म्हणाली. "काल मी असंच कायतरी सांगलं. ते वेचता वेचता थांबले. मंग म्हणाले, हाव, असंच बोले ती. आन उद्या कोन सांगनार, म्हणून इचारलं."