जस्ताचा कागद

पिकाच्या शेडवरचा प्लास्टिकचा कागद दोन वर्षांत उन्हानं फाटतो, ही शेतकऱ्यांची तक्रार मी कायमची मिटवणार होतो! कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो मी, एवढं जमायलाच हवं. जस्ताच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी घ्यायची, कणाकणावर पातळ लेप द्यायचा, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळताना तिच्या गुठळ्या होत नाहीत. असा कागद उन्हातले अतिनील किरण अडवतो आणि स्वतः टिकतो. प्रयोगशाळेत सिद्धही झालं. आता शेत हवं होतं. मेहुणे असतात कशाला?

धैर्यशीलनं पलूसजवळच्या त्याच्या शेडवर माझा कागद चढवला, आत कलिंगडं लावली, मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्या.

"दाजी, सगळं वर्स ह्यावर हाय बगा."

"बिनघोर राहा!" काय माझा तोरा!

वेल वाढले, फुलं आली, पण फळ एकही धरेना. माश्या फुलांकडं ढुंकूनही न बघता छताला धडका देत होत्या. खाली मेलेल्या माश्यांचा सडा!

"विषबाधा!" मी निदान केलं. "शेजारी कोण फवारतंय?"

शेजारी तवनाप्पा. वय सत्तर, पाणीसुद्धा गाळून पिणारे जैन. धैर्यशीलला विहिरीत पोहायला यांनीच शिकवलेलं. पण माझ्या शब्दावर तो बांधावर गेला आणि तोंडाला येईल ते बोलला. मी मागं छाती काढून उभा!

तवनाप्पा एवढंच म्हणाले, "औषध मारतो खरं, पर दिस मावळल्यावर. माश्या घरी गेल्यावर मारतो, बाळा." आणि निघून गेले. दोन घरांतलं बोलणंच बंद झालं.

आठवड्यानं उकाडा वाढला म्हणून शेडची एक बाजू वर गुंडाळली. उरलेल्या माश्या सुसाट बाहेर पडल्या आणि थेट तवनाप्पांच्या कारल्याच्या फुलांवर! तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. मधमाशीला वाट सापडते ती अतिनील उजेडात, आणि तोच मी झाडून सगळा अडवला होता. कागद झकास होता हो! माश्या मी मारल्या होत्या, आळ भल्या माणसावर घातला होता. अजून आठवलं की जेवण गोड लागत नाही.

रजा टाकली. रोज सकाळी सहापासून रंगाचा ब्रश घेऊन फुलाफुलांवर पराग फिरवू लागलो. तवनाप्पांकडं जायचं धाडस मात्र होईना. तिसऱ्या दिवशी तेच बांध ओलांडून आले.

मी हात जोडले. "आप्पा, चुकलो. माझ्या कागदामुळंच झालं सगळं."

"ऱ्हाऊ द्या वो." ते माझ्या ब्रशकडं बघत राहिले. "पावनं, हे काय चाललंय?"

"नर फुलावरचे पराग मादी फुलावर लावतोय."

त्यांनी एक फूल अलगद उलटं केलं. "मादी फुलामागं गोटीएवढं कलिंगड असतंय. तुमी तीन दिस झालं, नरावरचं नरावरच लावालाय!"

ब्रश माझ्या हातातून काढून घेऊन ते वाकले आणि कामाला लागले. अर्धं पीक माझ्या हुशारीनं खाल्लं, उरलेलं तवनाप्पांनी वाचवलं. मी पीएचडी आहे, हे कृपा करून कुणी त्यांना सांगू नका.