एकवीस फेऱ्यांची हौस

माणसाला पुढे जायचं असतं, हे सर्वमान्य आहे. कुठे जायचं हे मात्र ठरलेलं नसतं, आणि ते ठरवत बसलं तर पुढे जाणं राहून जातं. म्हणून शहाण्या लोकांनी गोल रस्ता शोधून काढला. गोल रस्त्यावर माणूस कितीही वेगाने गेला तरी जेवायच्या वेळेला घरी येतो.

आमच्या वऱ्हाडात आधी हे शहाणपण नव्हतं. शंकरपट होता, पण तो सरळ. बैल सुटले की डोळ्याचं पातं लवेपर्यंत पलीकडे, आणि कोण जिंकलं हे शेंबड्या पोरालाही कळायचं. अशा शर्यतीत पंचांना काही कामच उरत नाही. त्यातच सन अठराशे बासष्टच्या सुमारास तिकडे अमेरिकेत भाऊ भावाच्या उरावर बसला, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि अमरावतीच्या कापूस बाजारातल्या अडत्यांना गादीवरून उठायची सवड राहिली नाही. सरळ शर्यतीचं एक टोक गादीवरून दिसायचं, तर दुसरं दिसायचं नाही. तेव्हा शर्यतच गादीभोवती फिरवावी असं ठरलं. अशा रीतीने अमरावती-अकोला हौशी दमणी-फेरी मंडळी स्थापन झाली आणि माझं अक्षर बरं म्हणून (आणि दुसरं कोणी फुकटात मिळेना म्हणून) मी तिचा चिटणीस झालो.

दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. बाजाराभोवती तिच्या एकवीस फेऱ्या मारायच्या. वळणं चार: सुरुवातीच्या कडुनिंबाचं, विहिरीचं, कापसाच्या गंजीचं आणि नाल्याचं. पहिल्या वर्षी गंजीत पडलेले हौशी सात, नाल्यात पडलेले पाच, विहिरीच्या काठावर पडलेले चार आणि विहिरीत पडलेले शून्य. या शून्याबद्दल मंडळीच्या व्यवस्थेचं अकोल्यापर्यंत कौतुक झालं.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. प्रत्येकाने आपापल्या फेऱ्या आपणच मोजल्या, त्यामुळे नऊ जण पहिले आले. दुसरा कोणीच आला नाही. म्हणून पुढच्या वर्षी आम्ही कलम घातलं की धावणाऱ्याने फेऱ्या मोजू नयेत. मोजणी मंडळी करील, आणि एकविसावी फेरी लागली की तांबडं पागोटं हलवून कळवील.

आता भातकुलीच्या खुशालरावांकडे वळतो, कारण हे सगळं त्यांच्यासाठी लिहितो आहे.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जायची, हा मान भातकुलीत नत्थुजींच्या घरचा. चार पिढ्या झाल्या. झडत्यांची गाणी म्हणून व्हायची, तोरण तुटायचं, आणि नत्थुजींची जोडी ऐटीत पुढे निघायची. दुसरी जोडी खुशालरावांच्या घरची. खुशालरावांचे वडील सत्तर वर्षं जगले आणि कळायला लागल्यापासून दर पोळ्याला त्यांनी नत्थुजींच्या घरच्या बैलांची शेपटं पाहिली. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मुलाला जवळ बोलावून जमिनीबद्दल, सोयरिकीबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की एखाद्या वर्षी तरी समोर मोकळा रस्ता दिसावा. हे मला खुशालरावांनीच सांगितलं, आणि दोनदा सांगितलं. त्यामुळे मी पुढे जे जे लिहितो, ते हसण्यासाठी लिहितो असा कोणी गैरसमज करून घेऊ नये.

कापसाने हातात जोर आला तसा खुशालरावांनी गावासमोर प्रश्न टाकला. गावातल्या जाणत्यांनी तीन बैठका घेतल्या आणि निवाडा दिला, की अमरावतीच्या फेरीत जो पुढे राहील, त्याची जोडी येत्या पोळ्याला पहिली. नत्थुजी हो म्हणाले. चार पिढ्या पुढे असलेल्या माणसाला मागे राहायची भीती माहीतच नसते.

खुशालरावांना मात्र एक भीती होती. त्यांचा जुना गाडीवान चंद्रभान, ज्याने त्यांच्या चांद्या-बांड्या या बैलांना वळणं शिकवली, तो आता भाड्याने गाडी हाकायचा, आणि नत्थुजी त्याला आपल्या दमणीवर बसवणार अशी कुजबुज होती. चंद्रभान उतरला असता तर शर्यतीत शर्यत राहिली नसती. खुशालराव पाच कोस चालून माझ्याकडे आले.

"तुमी कलम लिहा," ते म्हणाले, "पोटासाठी काम करणाऱ्यानं हौशी लोकाइत यायचंच नाई. पक्कं लिहा, त्याच्यात पळवाट नको."

मी पक्कं लिहिलं. 'जो इसम पोटासाठी काहीही करतो, त्याचा या शर्यतीशी हाकण्याचा, बोलण्याचा अगर कोणत्याही प्रकारचा संबंध राहणार नाही.' यातलं 'काहीही' आणि 'कोणत्याही प्रकारचा' हे माझं. इतकं व्यापक कलम मी आधी लिहिलं नव्हतं, नंतरही जमलं नाही. त्यामुळे झालं असं, की ज्यांना बैल हाकता येत होते ते सगळे बाहेर राहिले आणि ज्यांना येत नव्हते ते सगळे आत आले. हौसेची शुद्धता राखायची तर एवढं सोसावंच लागतं.

दुसरी तयारी खुशालरावांनी चाकांची केली. त्या दिवसांत गाडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव, म्हणजे वरची पट्टी, चढवायची रीत पडली होती. लोहाराने हात जोडले. लोखंड तापवून चढवतात, निवलं की ते लाकडाला आवळून धरतं, चांदी तसलं काही करत नाही, असं त्याने समजावून पाहिलं. त्यावर खुशालरावांनी सोनार बोलावला आणि त्याने नाजूक खिळ्यांनी चांदी ठोकून दिली. त्यांच्या पत्नी मैनाबाई दारातून बघत होत्या. "बैल काई मांगं वळून चाकाकडे पाहत नसते," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

माघातल्या शर्यतीच्या दिवशी सव्वीस दमण्या उतरल्या. पाच अकोल्याच्या होत्या (त्यांनी आपला पंचही सोबत आणला होता, न जाणो). कडुनिंबाखाली मंडळीचं आसन, आणि आसनासमोर प्रत्येक हौशाच्या नावाची एक टोपली. दर फेरीला त्या टोपलीत एक मूठ सरकी टाकायची. दाणा दाणा मोजायला चष्मा लागतो, म्हणून मूठ. पंचांच्या पलीकडे गोदाबाई माळीण पटकर अंथरून बोरं विकायला बसली. फेऱ्या एकवीस आहेत हे ऐकून तिने बोरांचे एकवीस वाटे मांडले, आणि सगळ्यात पुढची दमणी समोरून गेल्याशिवाय नवा वाटा कोणाला देईना. माल शेवटपर्यंत पुरला पाहिजे, हे तिचं म्हणणं. गिऱ्हाइकं तिला हेकट म्हणाली आणि मलाही ते पटलं.

शर्यत सुटली. पहिल्या वळणाला सव्वीसच्या एकोणीस राहिल्या, तिसऱ्या फेरीला अकरा. ज्याला मागच्याने गाठलं त्याने बाहेर व्हावं, असं कलम होतं. पण गोल रस्त्यावर ज्याला गाठलं तो म्हणे, मीच याच्या मागे लागलोय. अशा चार तक्रारी आल्या आणि चारही नोंदवून घेतल्या. वेग ऐकून होतो त्यापेक्षा फार होता. धुरळ्यात दात वाजत होते, कोपरं सोलत होती. अकोल्याचे एक गृहस्थ नाल्याच्या वळणावर दमणीतून उडाले आणि बसल्या जागी म्हणाले, की आता कळलं बैल कावून (म्हणजे का) गप राहतो. त्यांची दमणी पुढे तीन फेऱ्या रिकामीच धावली आणि आधीपेक्षा बरी धावली.

आठव्या फेरीला मैदानात दोघेच उरले. पुढे खुशालराव, मागे नत्थुजी. खुशालरावांची चांदीची चाकं उन्हात अशी लखलखत होती, की सगळा बाजार त्यांच्याकडेच बघत होता. पंचही बघत होते, मीही बघत होतो. याच सुमारास अकोल्याच्या त्या रिकाम्या दमणीच्या बैलांना विचार सुचला. सकाळपासून उपाशी धावलेल्या बैलाला सरकी दिसली की तो काय करील, हे वऱ्हाडात कोणालाही विचारा. आम्ही मात्र जन्मभर बैलांना सरकी घालून, त्या दिवशी हिशेबही सरकीतच ठेवला होता. आम्ही वळून पाहिलं तेव्हा सव्वीसही टोपल्या चाटूनपुसून स्वच्छ होत्या.

मंडळीची तिथल्या तिथे बैठक झाली. फेऱ्या नव्याने मोजाव्यात, तर झालेल्या फेऱ्या वाया जातात. अंदाजाने धराव्यात, तर अंदाज कोणाचा? दमणीवाल्यांनाच विचारावं, तर त्यांना मोजायची मनाई आम्हीच केलेली. अकोल्याच्या पंचांनी सुचवलं, की बैलांना अजीर्ण होईपर्यंत थांबावं, म्हणजे पुरावा परत मिळेल. ते मागे ठेवलं. शेवटी एकमताने ठरलं, की जो आधी थांबेल तो हरला. हे धावणाऱ्यांना कळवावं की नाही, यावरही विचार झाला. आधी खुशालराव समोरून जाणार, म्हणजे त्यांना आधी कळणार, आणि तो पक्षपात होणार. म्हणून कोणालाच कळवलं नाही.

फेऱ्या चालू राहिल्या. खुशालराव प्रत्येक वेळी कडुनिंबापाशी मान वर करून तांबडं पागोटं शोधायचे. आम्ही गंभीर चेहऱ्याने बसलेले. चांद्याच्या तोंडाला फेस आला होता. खुशालरावांच्या तळहाताचं कातडं कासऱ्याने निघालं होतं. नत्थुजी पाऊण फेरी मागे होते. मधल्या काळात गोदाबाईने पटकर झटकलं, त्याची घडी केली आणि झाडाला टेकून पाय पसरले. (असल्या गोष्टी कामकाजात लिहायच्या नसतात, हात चालू होता म्हणून लिहून गेलो.) त्यानंतर आणखी फेऱ्या झाल्या. गंजीच्या वळणावर डाव्या चाकाची चांदी एका टोकाला सुटली, वळशा-वळशाने उलगडत गेली आणि शेवटी दोन बोटं रुंदीची पट्टी दमणीमागे फरफटत निघाली. बायाबापड्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वळणाला उघडं लाकूड दगडावर बसलं आणि चाक आऱ्यांसकट फुटलं.

खुशालराव थांबले. नत्थुजी शेजारून पुढे गेले. कलमाप्रमाणे निकाल लागला.

निकाल वाचायला उभा राहिलो तर गोदाबाई उठून पंचांसमोर आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"एकवीस वाटे मांडले होते म्या," ती म्हणाली. "पुढची दमणी गेली का एक वाटा इकून राहिली होती. शेवटला वाटा गेला तवा खुशालराव या झाडापाशी अन नत्थुजी तिकडं इहिरीपाशी होते. शर्यत तवाच सरली. मंग तुमी यायले उगाच कावून फिरवलं?"

नत्थुजींनी मान खाली घातली, कारण ते तसे खोटे माणूस नव्हते. खुशालरावांच्या तोंडावर जे उजाडलं ते मी नंतर कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही. पंचांनी माझ्याकडे बघितलं आणि मी कलमांचा कागद उघडला. त्यातलं एक कलम बघायचा मला मोह झाला नाही, पण अकोल्याच्या पंचांनी ते मोठ्याने वाचायला लावलं. मग त्यांनीच विचारलं, की बाई, हे तू हौसेने मोजलंस का?

"हौस कायची बापा?" गोदाबाई म्हणाली. "पोटासाठी बसली होती."

झालं. पोटासाठी काहीही करणाऱ्याचा या शर्यतीशी बोलण्याचासुद्धा संबंध नव्हता. अख्ख्या बाजारात मोजणारी एकटी तीच निघाली आणि तिचीच साक्ष बाद झाली. नत्थुजी म्हणाले, राहू द्या, मान त्याले देऊन टाका. पण दिलेला मान आणि जिंकलेला मान यांतला फरक भातकुलीत लहान मुलांनाही कळतो.

खुशालराव माझ्यापाशी आले. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमचं काई चुकलं नाई," ते म्हणाले. "पळवाट नको, हे म्याच म्हटलं होतं."

त्या पोळ्याला मी मुद्दाम भातकुलीला गेलो. तोरण तुटलं, नत्थुजींची जोडी पुढे निघाली. खुशालराव चांद्या-बांड्याचा कासरा धरून तिच्या मागून चालले. बापासारखंच त्यांचं लक्ष पुढच्या शेपटांकडे होतं.

मंडळीच्या चौकशीत पुढे असा निष्कर्ष निघाला, की शर्यत पाहायला आलेल्या हजार-बाराशे माणसांना डोळे होते, पण एकवीस फेऱ्या सरल्या ते कोणाच्याही लक्षात आलं नाही. हा निष्कर्ष वाचून दरवर्षी कोणीतरी सुशिक्षित गृहस्थ मला हसत विचारतात, की इतकी माणसं आंधळी कशी हो? शर्यत नेमकी कधी सरली, ते मी वर एका ओळीत स्वच्छ लिहिलं आहे, गोदाबाईने घडी केली तिथे. तुम्हीही ती ओळ वाचली, आणि चांदी कधी सुटते ते बघायला पुढे गेलात.