लाल स्वेटरचा सिग्नल

"एका महिन्यात आपल्या नाक्यावर सिग्नल लागला नाही ना, तर नाव बदलून टाकीन!" चष्म्याने जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं.

त्याला घराबाहेर सगळे चष्माच म्हणायचे, त्यामुळे नाव बदलण्यात त्याचं फारसं नुकसान नव्हतं. मूठ आपटल्यामुळे सांडलेलं पाणी आईने पुसलं आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय करणार आहेस?"

"मी कशाला करतोय? कॅमेरा करणार!"

चष्मा शहराच्या वाहतूक नियंत्रण कक्षात कामाला होता. भिंतभर पडदे, प्रत्येक पडद्यावर एक रस्ता आणि समोर खुर्चीत चष्मा. दिवसभर लोकांचे रस्ते बघून त्याचे डोळे इतके शिणायचे, की संध्याकाळी घरी परतताना स्वतःचा जिना चुकायचा. दोनदा तर तो खालच्या मजल्यावरच्या घरात जाऊन पायमोजे काढून बसला होता!

पण या सिग्नलचं त्याने मनावर घेतलं होतं, आणि त्याला कारण होतं. त्यांचं घर रस्त्याच्या एका बाजूला आणि मावशीचं बरोबर समोर, दुसऱ्या बाजूला. मावशीचे गुडघे गेलेले. म्हणून आई रोज दुपारी हिरव्या कापडी पिशवीत डबा घालून रस्ता ओलांडायची. हा रस्ता असा, की गाड्यांना वाटावं पुढे कुणीतरी बक्षीस वाटतंय! मागच्या हिवाळ्यात एका स्कूटरने आईला उडवलं. आई अलीकडे पडली, डबा उडून पलीकडे मावशीच्या फाटकात गेला. मनगटाला प्लास्टर घालून घेताना आई डॉक्टरांना म्हणाली होती, "डबा पोचला ना, मग झालं."

डॉक्टर हसले. चष्म्याला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आता नाक्यावरच्या खांबावर कॅमेरा बसला होता. त्यामागे एक नवंकोरं यंत्र होतं. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीभोवती ते चौकट काढायचं आणि वर नाव लिहायचं : मोटार, दुचाकी, पादचारी. गाडी माणसाच्या अगदी अंगाला घासून गेली, की यंत्र 'धोका' म्हणून नोंद करायचं. महिनाभरात पुरेसे धोके जमले, की सिग्नल मंजूर!

"तू फक्त नेहमीसारखी जा," चष्म्याने आईला बजावलं. "कॅमेऱ्याकडे बघू नकोस."

"पण तू मला बघणार?"

"हो, पडद्यावर."

"रोज?"

"रोज. पण आई, तू वर बघू नकोस हां!"

"मी कशाला बघतेय!" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई नाक्यावर आली. केस नीट विंचरलेले आणि अंगात ठेवणीतला लाल स्वेटर, जो ती एरवी फक्त लग्नकार्याला घालायची. रस्त्याच्या मधोमध आल्यावर ती थांबली, तिने खांब शोधला, मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात बघून काहीतरी विचारलं.

कॅमेऱ्याला आवाज नव्हता. पण आईचे ओठ त्या दोन शब्दांसाठी हलले, तर जगातला कुठलाही मुलगा ते ओळखेल.

"जेवलास का?"

चष्मा गोंधळला. नियंत्रण कक्षात फोन न्यायला बंदी होती, फोन बाहेर कपाटात. उत्तर द्यायचं कसं? पण कॅमेरा टेबलावरच्या दांडीने फिरवता यायचा. चष्म्याने इकडेतिकडे पाहिलं आणि दांडी वर-खाली केली. तिकडे खांबावरच्या कॅमेऱ्याने शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

आईचा चेहरा असा उजळला, की शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, "त्या पडद्याचा प्रकाश कमी करता का जरा?"

झालं! त्या दिवसापासून आई वेळेवर हजर. आधी "जेवलास का", मग "पाणी पितोस ना", मग हिरवी पिशवी उंच धरून आज डब्यात काय आहे त्याचा वृत्तान्त. एखादी गाडी जोरात आली, की लाल बाही वर! "थांब!" गाडी करकचून थांबायची. आई तिच्याकडे बोट दाखवून कॅमेऱ्याला सांगायची, "याला बघून ठेव रे!" चालक घाबरून खांबाकडे बघायचा. खांब मान डोलावायचा.

अशाने कुठला चालक वेगात जाईल? आठवडाभरात अख्ख्या शहरातल्या गाड्या त्या नाक्यावर पाहुण्यांसारख्या हळू येऊ लागल्या. आई मधोमध, पलीकडे खिडकीत मावशी. लाल बाही वर गेली की सगळे थांबणार, हिरवी पिशवी वर गेली की निघणार. दोन शाळकरी मुलं तर बाही वर जाईपर्यंत फूटपाथवरून पाय काढेनात.

"सर," शेजारच्या मॅडम एके दिवशी चष्म्याच्या खांद्यावरून डोकावत म्हणाल्या, "तुमचं यंत्र या बाईंना काय म्हणतंय बघितलंत?"

चष्म्याने आजवर आईकडे बघितलं होतं, चौकटीकडे नाही. आता बघितलं. आईभोवतीच्या चौकटीवर लिहिलं होतं : सिग्नल, लाल.

तेवढ्यात आईने पिशवी उचलली. यंत्राने लगेच दुरुस्ती केली : सिग्नल, हिरवा.

महिना संपला. वरून उत्तर आलं : 'सदर ठिकाणी सिग्नल अगोदरच असून तो उत्तम चालतो. धोके शून्य. मागणी निकाली.'

चष्मा धावत मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, तिथे सिग्नल नाहीये!"

"यंत्र म्हणतंय, आहे."

"साहेब, त्या सिग्नलला स्वेटर आहे!"

साहेबांनी शांतपणे विचार केला. "हवामानापासून संरक्षण म्हणून असेल."

"साहेब, तो सिग्नल घरून चालत येतो!"

"फिरता सिग्नल?" साहेबांचे डोळे चमकले. "असे आणखी मिळतील का?"

शेवटी साहेब एवढ्यावर आले, की उद्या दुपारी ते स्वतः पडद्यासमोर बसतील. रस्ता खरंच धोक्याचा दिसला, तर मागणीचा पुन्हा विचार. नाहीतर कॅमेरा काढून दुसऱ्या नाक्यावर!

रात्री चष्म्याने आईला सगळं सांगितलं. सिग्नलचं ऐकून आई पोट धरून हसली. मग तो जरा चाचरत म्हणाला, "म्हणून उद्या तू जाऊ नकोस. तू दिसलीस की रस्ता शहाण्यासारखा वागतो. मावशीचा डबा मी कामावरून सुटल्यावर पोचवीन."

आईचं हसू थांबलं. ती टेबलावर नसलेलं पाणी पुसत राहिली.

"म्हणजे तुझ्या कामात मीच आडवी येतेय म्हण की."

"तसं नाही गं."

"नाही, बरोबर आहे तुझं. मला आपलं वाटलं, तेवढंच बोलणं होतं. घरी येतोस तेव्हा तुझे डोळे मिटलेलेच असतात. तिथे निदान तू माझ्याकडे बघतोस."

चष्म्याचा हात उगाच टेबलावर चाचपडला. इथे हलवायला दांडीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब पडद्यासमोर येऊन बसले. येताना ते डबा घरी विसरले होते, म्हणून त्यांनी चालकाला पिटाळलं होतं. "पळ! मला भूक सहन होत नाही!"

दुपार झाली. आई आली नाही. चष्म्याने महिन्याभरात पहिल्यांदा तो नाका दुपारी आईशिवाय पाहिला. गाड्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग त्यांना शंका आली, मग खात्री पटली, आणि त्या सुटल्या!

"आता बघा, साहेब!" चष्मा म्हणाला.

पडद्यावर लाल अक्षरं झळकली : सिग्नल बंद पडला आहे. दुरुस्ती पथक रवाना.

"वा!" साहेब म्हणाले. "काय तत्पर यंत्र आहे!"

पिवळ्या गाडीतून दोन माणसं उतरली. त्यांनी शिडी काढली, वर बघितलं, खाली बघितलं, सिग्नल रोज जिथून निघतो तो यंत्राने दिलेला पत्ता बघितला आणि शिडीसकट चष्म्याच्या इमारतीत शिरली. पुढचं आईने नंतर सांगितलं. सवयीने लाल स्वेटर चढवून बसलेल्या आईने दार उघडलं तर दारात शिडी.

"इथला सिग्नल बंद पडलाय म्हणे?"

"बंद नाही हो," आई म्हणाली, "आज सुट्टीवर आहे. पाणी देऊ का?"

इकडे पडद्यावर मात्र चष्म्याला वेगळंच दिसलं. समोरच्या फाटकातून मावशी बाहेर पडत होती! डबा आला नाही म्हणजे बहिणीला काहीतरी झालं, एवढाच तिचा हिशेब. एका हातात काठी, दुसरा हात हवेत, आणि पायात सपाता. ती फूटपाथवरून खाली उतरली.

"मावशी, नको!" चष्मा ओरडला. पडद्याला कान नव्हते. त्याने दांडी पकडून गदागदा हलवली. खांबावरचा कॅमेरा डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे : नाही, नाही, नाही! पण मावशीला कॅमेऱ्याची भाषा कुणी शिकवली नव्हती. एक मोटारसायकल तिच्या पदराला वारा घालत गेली. यंत्राने लिहिलं : धोका. दुसरी गेली. धोका. मावशी रस्त्याच्या मधोमध येऊन थिजली. तिला ना पुढे जाता येईना, ना मागे. आणि वळणावरून एक पांढरी मोटार अशी आली, जणू तिच्या शेपटीला आग लागलीये!

चष्म्याने डोळे मिटून घेतले. ज्याचं कामच बघण्याचं, त्याला बघवेना.

"अरे, ते बघा!" साहेब ओरडले.

चष्म्याने डोळे उघडले. पडद्याच्या कोपऱ्यातून लाल स्वेटर धावत आला होता, एका पायात चप्पल, मागे शिडीवाले दोघं; मावशी तिला घरच्या खिडकीतून दिसली होती. आई थेट मोटार आणि मावशीच्या मध्ये उभी राहिली आणि तिने बाही वर केली.

मोटार आईच्या स्वेटरच्या बटणांपर्यंत येऊन थांबली.

यंत्राने समाधानाने लिहिलं : सिग्नल पूर्ववत सुरू. लाल.

आईने मावशीचा हात धरला. दोघी तिथेच उभ्या राहून एकमेकींवर ओरडत होत्या, आवाज नसला तरी ते स्पष्ट दिसत होतं. ओरडता ओरडता मावशीने आईच्या गळ्यात हात टाकला. शिडीवाल्यांनी रस्त्यात शिडी आडवी धरून सगळ्या गाड्या अडवल्या आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

नियंत्रण कक्षात शेजारच्या मॅडमनी नाक पुसलं.

"तो सिग्नल," साहेब पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, "तुमचा कोण?"

"आई आहे, साहेब."

"हं. आणि ती पांढरी मोटार कुणाच्या बेजबाबदार..." साहेब पुढे वाकले. मोटारीच्या मागच्या काचेतून आत ठेवलेला डबा दिसत होता.

"आपली, साहेब," चष्मा अदबीने म्हणाला.

साहेबांना त्या दिवशी भूक एकदम सहन होऊ लागली. सिग्नल तिथल्या तिथे मंजूर झाला.

पडद्यावर आईने मावशीला फूटपाथवर नेऊन सोडलं. मग वळली आणि खांबाकडे बघून काहीतरी म्हणाली.

"आता काय म्हणताहेत?" साहेबांनी हळूच विचारलं.

"जेवलास का म्हणतेय."

"मग सांगा ना," साहेब म्हणाले. "थांबवून काय ठेवलंय त्यांना!"

सिग्नल बसला. चकचकीत खांब, तीन दिवे, माणसांसाठी वेगळा हिरवा दिवा. यंत्राने त्याचं बारकाईने निरीक्षण केलं, त्याच्याभोवती चौकट काढली आणि वर लिहिलं : पादचारी. तो पादचारी रस्ता का ओलांडत नाही, या काळजीत ते अजून आहे.

पहिल्या दुपारी चष्मा पडद्यासमोर जरा उदास बसला होता. आता गाड्या दिव्याने थांबणार, आई सरळ पलीकडे जाणार. मध्ये उभं राहायचं कारणच संपलं! दिवा हिरवा झाला. आई निघाली, शहाण्यासारखी पलीकडे पोचली, मावशीच्या फाटकापाशी गेली. चष्म्याने सुस्कारा सोडला.

फाटकाला हात लावून आई वळली. मान वर केली.

"जेवलास का?"

चष्म्याने घाईघाईने दांडी वर-खाली केली. खांबाने मान डोलावली. आई क्षणभर कॅमेऱ्याकडे बघत राहिली, मग आत गेली.

संध्याकाळी चष्मा घरी आला. या खेपेला जिना बरोबर पकडला होता, डोळेही बऱ्यापैकी उघडे होते. टेबलावर ताट वाढून तयार होतं.

"बस," आई म्हणाली. "आणि पुन्हा खोटं बोलू नकोस."

"मी कुठे खोटं बोललो?"

"दुपारी जेवला नव्हतास. कॅमेऱ्याने मान अर्धीच हलवली."